तीनशे छत्तीस घनमीटर शेवाळ

ईस्टर होऊन आठ दिवस झाले होते, आणि पोलिकार्पोस मास्तर खोली क्रमांक दोनच्या गच्चीत उभे राहून शेवाळाचं घनफळ काढत होते. लांबी साठ मीटर, रुंदी आठ मीटर. उंची एका टोकाला घोट्याएवढी आणि दुसऱ्या टोकाला छातीएवढी, म्हणजे सरासरी सत्तर सेंटिमीटर धरायला हरकत नव्हती. उत्तर आलं तीनशे छत्तीस घनमीटर. गणित सुटलं की मास्तरांना जे समाधान वाटायचं ते वाटलं, आणि मग ते उत्तर कशाचं आहे हे आठवून लगेच मावळलं.

"झालं मोजून?" खाली अंगणात चादरी वाळत घालणाऱ्या गारुफालियाने विचारलं.

"तीनशे छत्तीस."

"बरं झालं. आता ते कमी झालं असेल."

चौतीस वर्षं ग्रीक बेटावरच्या शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला बायकोचे असे टोमणे सवयीचे होतात. शास्त्राच्या शिक्षकाची जागा अकरा वर्षं रिकामी होती, तेव्हा शास्त्रही मास्तरांनीच शिकवलं होतं. त्यामुळे दर हिवाळ्यात समुद्र आपल्या दारात आणून टाकतो ते मुळात शेवाळच नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते गवत होतं. त्याला मुळं असतात, फुलं येतात, फळंही धरतात. मास्तर हे भेटेल त्याला सांगत. गाव ऐकून घेई आणि शेवाळ म्हणे. शिवाय गवत म्हटल्याने वास कमी येत होता असंही नाही.

आणि त्या वर्षी वासाचा प्रश्न गंभीर होता. घरातल्या पाच खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना दिल्या जात. अलीकडे त्यांतल्या तीन रिकाम्याच राहत, पण खोली दोन मात्र बारा जूनपासून बारा दिवस भरलेली असायची. डेन्मार्कचे अक्सेल आणि बोडिल, नवरा-बायको दोघंही पोस्टातून निवृत्त झालेले, सलग एकोणीस वर्षं येत होते. मागच्या वर्षी ते आठव्याच दिवशी निघून गेले. सातव्या दिवशी बोडिलबाई गच्चीत नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या, हे मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सातव्या दिवशी रुमाल, आठव्या दिवशी बॅगा. दोन बिंदूंतून सरळ रेषा एकच जाते.

गारुफालियाने रेषाबिषा काढली नव्हती. तिची धाकटी बहीण कल्लिरोई समुद्रापलीकडे पिरेअस शहरात राहत होती, आणि तिच्याच मजल्यावरची एक जागा जुलैत रिकामी होणार होती. "डेन्मार्कवाले आले आणि बारा दिवस राहिले, तर खोल्या चालू ठेवू," ती म्हणाली होती. "एकोणीस वर्षांची माणसंही टिकत नसतील तर मी चादरी कुणासाठी धुते? मी जाईन. तुला यायचं तर ये, नाहीतर बस इथे मोजत." हे ती रागाने म्हणाली असती तर मास्तरांनी सोडून दिलं असतं. पण ती चादरीला चिमटा लावता लावता म्हणाली, म्हणजे तिचं ठरवून झालं होतं. मास्तर या किनाऱ्यावर जन्मले होते. पिरेअसच्या चौथ्या मजल्यावरून काय मोजायचं, हे त्यांना सुचेना. बारा जूनच्या आत वाळू दाखवतो, असं त्यांनी तिला वचन दिलं.

गावात एखाद्याने नुसतं वचन दिलं की सल्ले आपोआप गोळा होतात. पहिला सल्ला गारुफालियाच्या भावाचा, आर्गिरिसचा. शेजारची खाणावळ त्याचीच.

"त्यात काय आहे दाजी, पेटवून द्या."

"ओलं आहे ते."

"मग पाहुण्यांना सांगा, औषधी आहे म्हणून. कुठे कुठे म्हणे गुडघे दुखणाऱ्यांना त्यात गळ्यापर्यंत पुरतात."

"माझ्या पाहुण्यांचे गुडघे ठणठणीत आहेत."

"मग आधी डोंगरावर चालवून आणा त्यांना."

चर्चचे पाद्री पापा-इग्नातिस म्हणाले की समुद्राला ते दरवर्षी आशीर्वाद देतातच. शेवाळालाही दिला असता, पण आशीर्वादाने गोष्टी वाढतात असा त्यांचा अनुभव आहे. एक्याण्णव वर्षांच्या मारूसो आजी खाणावळीच्या पायरीवर बसून रानभाजी निवडत होत्या. त्यांनीही काही बोलायला दोनदा तोंड उघडलं, पण तेवढ्यात मास्तर घनफळ समजावून सांगायला लागले होते.

मास्तर कायद्याने चालणारे. ते परवानगी काढायला बेटाच्या मुख्य गावी गेले. बंदर कचेरीतल्या माणसाने विचारलं, "ओलं की सुकं?"

"वरचं सुकं, खालचं ओलं."

"खालच्याचं आम्ही बघतो. वरच्यासाठी नगरपालिका."

नगरपालिकेत सांगितलं की सुकं म्हणजे कचरा, आणि कचरा त्यांच्याकडेच येतो. पण कचरा म्हणायला तो कुणीतरी टाकलेला हवा. कुणी टाकला? समुद्राने, मास्तर म्हणाले. कारकुनाने बराच विचार केला. "अर्जावर समुद्राची सही हवी असं मी म्हणत नाही," तो म्हणाला, "पण ओढा कुठे आहे तुमच्याकडचा?" मास्तरांच्या अंजिराच्या झाडाला वळसा घालून एक ओढा समुद्राला मिळत असे. झालं. ओढ्याच्या काठचं वनखात्याकडे. वनखात्यात सगळे जेवायला गेले होते.

शेवटी सरकारी अर्ज घेणाऱ्या नागरिकांच्या खिडकीशी गाठ पडली ती दमास्किनीशी. ही मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. बीजगणितात त्यांनी तिला वीसपैकी नऊ दिले होते, आणि पास व्हायला दहा लागतात. हे दोघांनाही चांगलं आठवत होतं, म्हणून दोघं आधी हवापाण्याविषयी बोलले. मग तिने सात पानी अर्ज पुढे केला.

"सर, इथे 'अंदाजे' लिहिलंय तुम्ही."

"शेवाळ आहे ते, दमास्किनी."

"अंदाजे हे उत्तर नव्हे, असं तुम्हीच म्हणायचात सर."

मास्तरांनी निमूटपणे ३३६ लिहिलं.

परवानगी दहा दिवसांत आली, आणि एवढ्या वेगाबद्दल गावात संशय व्यक्त झाला. अटी चार होत्या. यंत्र वापरायचं नाही. वाहन आणायचं नाही. वाळू झटकून तिथेच ठेवायची. आणि काढलेलं शेवाळ दुसरी सोय होईपर्यंत स्वतःच्या हद्दीत साठवायचं. मास्तर तीन दात्यांचं फावडं आणि हातगाडी घेऊन उतरले. पहिल्या दिवशी दोन घनमीटर निघालं. जेवताना त्यांनी भागाकार केला: एकशे अडुसष्ट दिवस. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला किनारा एकदम चकाचक.

म्हणून त्यांनी फाटकावर पाटी लावली: शेवाळ फुकट. पूर्वी गावातले लोक त्याने गाद्या भरायचे, गोठ्यात अंथरायचे, मातीच्या छपराखाली थर द्यायचे. तीन दिवसांत कुणी फिरकलं नाही. आमच्याकडे लबाड माणसाला 'शेवाळाच्या रेशमी फिती करून विकणारा' म्हणतात. चौथ्या दिवशी आर्गिरिस खाणावळीच्या दारातून म्हणाला, "दाजी, लोक शेवाळ रेशीम म्हणून विकतात. तुमचं शेवाळ शेवाळ म्हणून फुकटही जात नाही."

हा घाव वर्मी लागला. मास्तर त्या दुपारी जेवले नाहीत, म्हणजे एकच बशी जेवले. गारुफालिया फाटकाशी गेली. तिने पाटी काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहिलं: घरटी पाचच पोती. आधी नाव नोंदवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी रांग होती. आजवर ज्यांनी शेवाळाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते आपला नंबर कितवा हे विचारत होते. गावात एक्केचाळीस घरं, पण वहीत त्र्याण्णव घरांची नावं आली. त्यांतली काही माणसं मास्तरांच्या आठवणीप्रमाणे कधीच वारली होती. पाच पोत्यांचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला. आर्गिरिसचं एक पोतं म्हणजे त्याच्या मांडवाची ताडपत्री होती, आणि ती भरून ओढायला चौघं लागले. मारूसो आजींनी नवी गादी भरून घेतली. पापा-इग्नातिसांनी चर्चचे काचेचे दिवे गुंडाळायला नेलं आणि कोठीच्या छपरासाठी पुन्हा नेलं. रांगेतले लोक थांबल्या थांबल्या एकमेकांचं उपसून देत होते, त्यामुळे काम भराभर झालं. निम्मं शेवाळ असं गावभर गेलं. उरलेलं निम्मं मास्तरांनी अटीप्रमाणे स्वतःच्या हद्दीत, म्हणजे घरामागे ओढ्याच्या काठावर रचलं. बाराव्या दिवशी वाळू मोकळी झाली. ती इतकी पांढरी दिसत होती की मास्तरांनी खुर्ची आणून मांडली आणि दिवसभर नुसते बसले. त्यांच्या आयुष्यात असे दिवस थोडे होते.

घरामागे मात्र काठावरचा ढीग हळूहळू बसत गेला, घसरला आणि ओढ्यात आडवा झाला. पाणी तुंबलं. आठवड्याभरात अंजिराचे पाय बुडाले आणि तिथे एक डबकं झालं. मास्तर त्याला तळं म्हणत. आधी बेडूक आले. मग निळे चतुर. मग कासवं आली, हाताच्या पंजाएवढी, मानेवर पिवळ्या रेघा असलेली. ती बुडालेल्या फांदीवर उंचीप्रमाणे रांगेत बसत आणि माणूस दिसला की टपाटप पाण्यात पडत. एक बगळा येऊन पाहणी करून गेला. त्याच्यामागोमाग वनखात्याचा माणूस आला. "अकरा कासवं," त्याने वहीत लिहिलं.

"चौदा," मास्तर म्हणाले. "तीन तुमच्या बुटांना भिऊन खाली गेली आहेत."

"चौदा तर चौदा. पाणी एकदम सोडायचं नाही. जनावरं वाहून जातील."

"मी कशाला सोडतोय?"

हे मास्तर अगदी मनापासून म्हणाले होते.

वीस मेला दक्षिणेचा वारा सुटला आणि दोन दिवस पडला नाही. असा वारा वर्षाकाठी दोन-तीनदा येतोच, म्हणून मास्तर खिडक्या लावून निवांत शब्दकोडी सोडवत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर वाळू नव्हती. वाळू होती तिथे दगड होते. कलिंगडाएवढे, डोक्याएवढे, गुळगुळीत, करडे. जणू कुणी रातोरात पलंगावरची गादी काढून नेली आणि फळ्या उघड्या पडल्या. मास्तरांनी चष्मा पुसला. दगड आणखी स्पष्ट दिसले.

सगळं गाव जमलं. जो तो दगडांवरून चालून पाहत होता. अखेर मारूसो आजी काठी टेकत पुढे आल्या.

"माझे सासरे म्हणायचे, ते समुद्राचं पांघरूण आहे. हिवाळ्यात समुद्र वाळूवर घालतो, म्हणजे ती उडून जात नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला काढू नये."

"आजी," मास्तर शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते. तू तीनशे किती ते सांगत होतास."

मास्तर घरात गेले. त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्यांना हे ठाऊक होतं. लाट ढिगावर आपटते, जोर मोडतो, मागची वाळू वाचते: सातवीच्या वर्गात शिकवण्याइतकं सोपं. त्यांनी लांबी, रुंदी, उंची सगळं मोजलं होतं. शेवाळ तिथे काय करतंय एवढंच विचारलं नव्हतं. गारुफालियाने कॉफी आणून ठेवली आणि ती पिरेअसबद्दल एक अक्षर बोलली नाही. त्यामुळे त्यांना आणखीच वाईट वाटलं.

पण मास्तरांचा स्वभाव असा की चूक सापडली की उदाहरण पुन्हा पहिल्या ओळीपासून सोडवायचं. वाळू काही जगातून नाहीशी होत नाही. ती पन्नास पावलांवर पाण्याखाली जाऊन बसलेली असते, आणि उन्हाळ्यातल्या शांत लाटा तिला रोज थोडी थोडी परत आणतात. फक्त ती आली की तिला धरून ठेवायला काठाशी काहीतरी हवं. काहीतरी म्हणजे काय, हे आता गावात शेंबड्या पोरालाही कळलं होतं. मास्तर शर्ट बदलून पुन्हा दमास्किनीच्या खिडकीशी गेले.

"काढण्याचा अर्ज आहे सर. परत ठेवण्याचा नाही."

"तोच उलटा भरला तर?"

"उलटा भरला तर तो किनाऱ्यावर माल टाकण्याचा गुन्हा होतो." तिने परवानगीचा कागद मागितला आणि सावकाश वाचला. चौतीस वर्षांत एकाही मुलाने पाठ्यपुस्तक इतकं नीट वाचलेलं मास्तरांना आठवत नव्हतं. "सर, तुम्ही म्हणायचात की आधी दिलेलं काय आहे ते लिहा. दिलेलं असं आहे. शेवाळ तुम्ही स्वतःच्या हद्दीत साठवू शकता. तुमच्या हद्दीत ओढा आहे. ओढ्याने काय न्यावं यावर कुणाचा नियम नाही. आणि समुद्राने जे किनाऱ्यावर आणलं, ते मुळातच टाकलेलं नसतं. तसं नगरपालिकेनेच तुम्हाला तोंडी सांगितलंय. आता उरलेलं तुम्ही सोडवा."

मास्तरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "दमास्किनी, ते नऊ मी पेपर पुन्हा तपासून द्यायला हवे होते."

"पुन्हा तपासले असते तर आठ झाले असते सर. मला तेव्हा काही येत नव्हतं." तिने शिक्का बाजूला ठेवला. "पुढचे कोण?"

आता वाटलेलं परत मागणं आलं. मास्तरांसाठी ही बेइज्जतीची परिसीमा होती. आयुष्यात त्यांनी कुणाकडे खडूचा तुकडाही परत मागितला नव्हता, आणि आता ते दारोदार शेवाळ मागत फिरत होते. पहिल्या दारी ते म्हणाले, "तुमच्याकडे आमचं थोडं शेवाळ—" आणि चष्मा पुसायला लागले. आर्गिरिसच्या कोंबड्या त्यात अंडी घालायला बसल्या होत्या, तो म्हणाला, "दाजी, कोंबड्यांना तुम्ही समजावा. माझं त्या ऐकत नाहीत." पापा-इग्नातिसांनी छपराचं दिलं नाही, पण दिव्यांचं दिलं. मारूसो आजींनी गादीवरून उठायला साफ नकार दिला. "बारा वर्षांत पहिल्यांदा पाठ दुखत नाहीये," त्या म्हणाल्या. "माझ्यामागे घेऊन जा."

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या काठावर नऊ पोती उभी होती. कुणी ठेवली ते कळलं नाही. दुपारपर्यंत तीस झाली. संध्याकाळी आर्गिरिस ताडपत्री ओढत आला, आणि ताडपत्रीतून एक कोंबडीही आली. "ही हटूनच बसली होती," तो म्हणाला. "मी म्हटलं चल, तूही मास्तरांकडे."

मग रोज सकाळी एकच काम. वनखात्याच्या माणसाचं ऐकून पाणी एकदम सोडायचं नाही. ओढ्यात आडव्या पडलेल्या ढिगाच्या बांधाचा एक टीचभर थर काढायचा. ओढा तेवढाच फुगायचा, काठावरचं शेवाळ उचलायचा आणि वळण घेऊन समुद्रात नेऊन सोडायचा. समुद्र ते अर्धा तास इकडेतिकडे फिरवायचा, विचार करायचा, आणि शेवटी किनाऱ्यावर आणून ठेवायचा. माणसाने रचलेला ढीग वेडावाकडा होतो. समुद्राने लाटेच्या रेषेत पट्टा घातला, तो शाळेच्या पट्टीने आखल्यासारखा. कासवं बांधाच्या आतल्या बाजूला फांदीवर बसून हे सगळं पाहत. एकही वाहून गेलं नाही.

काही दिवसांनी दगडांच्या फटींत वाळू दिसली. मास्तरांनी लांब टेप काढली. भिंतीतल्या लोखंडी कडीपासून पाण्यापर्यंत वाळू किती, ते त्यांना रोज मोजायचं होतं. टेपचं टोक कडीशी धरायला पहिले दोन दिवस आर्गिरिस आला, पण गिऱ्हाईक दिसलं की तो टोक सोडून पळायचा आणि टेप सरसर येऊन मास्तरांच्या बोटांवर बसायची. तिसऱ्या दिवशी गारुफालिया हात पुसत आली आणि टोक धरून उभी राहिली.

बारा जूनच्या बोटीने अक्सेल आणि बोडिल उतरले. तोवर किनारा निम्मा दगडांचा, निम्मा वाळूचा होता, आणि पाण्याच्या कडेने तपकिरी शेवाळाचा पट्टा, वासासकट. मास्तरांनी माफीचं भाषण तयार केलं होतं, आणि त्यात लाटांच्या जोराविषयी एक भाग होता. ते 'माननीय पाहुणे' इथवर पोचले होते तोच बोडिलबाईंनी पिशवीतून एक फोटो काढून गारुफालियाच्या हातात दिला. फोटोत टोपी घातलेलं गुटगुटीत बाळ होतं.

"एक वर्षाची होईल आता," बोडिलबाई त्यांच्या मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये म्हणाल्या. "मागच्या वर्षी घाई केली तिने. महिनाभर आधी. मुलीचा फोन आला, मी गच्चीत उभी राहून किती रडले. रुमाल भिजला. मग पळालो. तुम्हाला सांगायला सवड नव्हती, म्हणून आर्गिरिसला निरोप दिला होता."

मास्तरांनी सावकाश मान वळवून मेहुण्याकडे पाहिलं. आर्गिरिस बॅगा उचलून आत नेण्यात फारच गुंतला होता.

"आर्गिरिस."

"म्हणाले असतील काहीतरी, दाजी. त्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता."

"आणि शेवाळ पेटवून द्या, असं सांगणारा तू."

"पेटवलं असतं तर एवढं परत आणावं लागलं नसतं."

मास्तर खुर्चीत बसले. एकोणीस वर्षांची निरीक्षणं, दोन बिंदू, एक सरळ रेषा आणि तीनशे छत्तीस घनमीटर शेवाळ. त्यांनी ते सगळं बोडिलबाईंना सांगून टाकलं, दगडांसकट. लपवून ठेवणं त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. अक्सेल हसता हसता खाली बसला. बोडिलबाई मात्र काठापर्यंत गेल्या, मूठभर पानं उचलली आणि वास घेतला.

"माझी आजी बेटावर राहायची, उत्तरेला," त्या म्हणाल्या. "तिथे घराचं छप्परच असं असतं. समुद्राच्या गवताचं. हा एवढा जाड थर. लहानपणी सगळ्या उन्हाळ्यांना हाच वास. मी एकोणीस वर्षं खोली दोन का मागते? तिथे वास जास्त येतो."

त्या 'गवत' म्हणाल्या. मास्तरांच्या हे लक्षात आलं, आणि त्यांना या बाईंविषयी एकदम विलक्षण आदर वाटला.

बारा दिवस दोघं दुपारी अंजिराखाली बसून कासवं मोजायचे. अक्सेलच्या मते ती सोळा होती. यावर मास्तरांचा आणि त्याचा रोज वाद व्हायचा. शेवटच्या दिवशी पाहुण्यांनी पुढच्या वर्षीसाठी खोली दोन आणि खोली तीनही सांगून ठेवली, कारण लेक आणि नात येणार होत्या. आणि पोस्टातली जुनी मैत्रीणही येते म्हणाली तर चार. बोट दिसेनाशी होईपर्यंत गारुफालिया धक्क्यावर उभी होती. मग ती घरी आली, हात धुतले आणि तिने पिरेअसला फोन लावला. मास्तर बाहेर टेप उलगडत होते. खिडकी उघडी होती. ते ऐकत नव्हते, पण टेप फार सावकाश उलगडत होते.

"कल्लिरोई, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी सांग... नाही, वाळू अजून पुरती नाही आली. चार मीटर साठ... अगं, कसली खुशी, चादरी मलाच धुवायच्या आहेत. आता तीन खोल्यांच्या... नाही, तो काही म्हणाला नाही. तो काय म्हणणार? तो रोज सकाळी मोजतो, आणि टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरायला लागतं."

ती बाहेर आली, भिंतीशी गेली आणि टोक कडीवर दाबून धरलं. मास्तर पाण्याच्या रेषेपर्यंत गेले, वाकले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ताणून धर," ती म्हणाली. "ढिली सोडलीस की जास्त भरतं. मला खोटा आकडा नको."

मास्तरांनी टेप ताणून धरली. तरीसुद्धा कालच्यापेक्षा सहा सेंटिमीटर जास्त भरलं.